केनार्थ: तैवी नदीकाठचं एक वेल्श गाव, आणि पाठीवर वाहून न्यायची होडी

पाणवठा (धागाकर्ता)

वेल्सचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा एकतर किल्ल्यांवर जाते नाहीतर कोळशाच्या खाणींवर. म्हणून हा धागा मुद्दाम एका एवढ्याशा गावासाठी. केनार्थ. कारमार्थनशरच्या हद्दीत, तैवी नदीच्या दक्षिण काठावर. पलीकडचा काठ केरेडिगियनचा, आणि प्रवाहाबरोबर थोडं खाली गेलं की पेम्ब्रोकशर सुरू होतो. न्यूकॅसल एम्लिन ५ किलोमीटर वरच्या बाजूला, कार्डिगन ११ किलोमीटर खाली.

तैवीची एकूण लांबी सुमारे १२२ किलोमीटर. कॅम्ब्रियन डोंगरातल्या तळ्यांतून निघून ट्रेगॅरॉनची मोठी दलदल, लॅम्पिटर, ल्हान्दिसिल असं करत ती केनार्थला येते, आणि इथे आडव्या खडकावरून टप्प्याटप्प्याने उतरते. धबधबा म्हणतात, पण उंची बेताचीच. आपल्या घाटातले पावसाळी धबधबे डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर हिरमोड होईल. गंमत उंचीत नाही. हा खडक आहे म्हणून गिरणीला पाणी मिळालं. वर चढणारा साल्मन मासा इथे अडतो आणि उड्या मारतो, म्हणून मासेमारी आली. काठ खडकाळ आणि पक्के, म्हणून पूलही इथेच झाला.

११८८ साली तिसऱ्या धर्मयुद्धासाठी माणसं गोळा करत आर्चबिशप बाल्डविन वेल्सभर फिरले. त्यांच्यासोबत गेराल्ड ऑफ वेल्स हा पाद्री-लेखक होता. या जागेचं नाव तो 'कानार्क मौर' असं देतो आणि एवढ्याशा जागेत काय काय आहे ते नोंदवतो: संत ल्हाउदोगचं चर्च, गिरणी, पूल, साल्मनच्या उडीची जागा, फळझाडं आणि बाग. बाग सोडली तर ही यादी आजही जागच्या जागी आहे, इमारती अर्थातच बदलल्या. तैवीत बीव्हर असल्याचंही त्याने लिहून ठेवलंय. ते मात्र पुढे नामशेष झाले.

पूल, गिरणी, होडी, जाळं, ज्याला जे माहीत आहे ते लिहा.

---

कमानदार

पुलापासून सुरुवात करतो. आजचा पूल १७८० च्या दशकातला, तीन कमानींचा, दगडी. डेव्हिड एडवर्ड्सच्या नावावर सांगितला जातो. हा पाँटिप्रिथचा प्रसिद्ध पूल बांधणाऱ्या विल्यम एडवर्ड्सचा मुलगा. फोटोत पहिली नजर जाते ती कमानींच्या मधल्या भिंतीतल्या गोल, आरपार भोकांवर. बरेच लोक ती नक्षी समजतात. नक्षी नाही ती.

बापाने पाँटिप्रिथला जे धडे घेतले त्यात या भोकांचं कारण आहे. तिथला पहिला, अनेक कमानींचा पूल पुरात वाहून आलेल्या झाडांनी नेला. मग त्याने नदीत खांबच नको म्हणून १४० फुटांची एकच कमान टाकली. त्यात दुसरी अडचण आली. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर भराव आणि दगड यांचं वजन प्रचंड, आणि माथा हलका. खांदे खाली दाबले गेले की माथा वर उचलला जातो आणि कमान फुटते. तेच झालं. १७५६ साली त्याने खांद्यांत दोन्ही बाजूंना तीन-तीन नळकांडी पोकळ्या ठेवल्या, वजन उतरवलं, आणि तो पूल अजून उभा आहे.

केनार्थच्या कमानी त्या मानाने लहान. माझ्या मते इथे माथा उचलला जायची भीती तेवढी नव्हती. इथे पोकळ्यांचा उपयोग दुहेरी: खांबावरचं वजन कमी, आणि पाणी कमानीच्या वर चढलं तर त्याला जायला आणखी एक वाट. भरीव भिंत पुरात धरणासारखं वागते, पाणी तुंबतं, पूल ढकलला जातो, आणि खांबाच्या मुळाशी भोवरे होऊन तळ खणला जातो. दगडी पूल बहुतेक वेळा वरून मोडत नाही, पाया उकरला जाऊन बसतो. केनार्थला पाया खडकात असल्याचा फायदा इथे दिसतो.

दुरुस्तीबद्दल एक वाक्य. अशा पुलाच्या सांध्यांत सिमेंट भरणं हा सगळ्यात महागात पडणारा स्वस्त उपाय. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा सोडत नाही, मग ओल दगडातून बाहेर पडते, थंडीत तिचा बर्फ होतो आणि दगडाचे पापुद्रे निघतात. आपल्याकडच्या वाड्यांचं आणि घाटांचंही हेच होतं, फक्त बर्फाच्या जागी क्षार काम करतात.

---

सुगरण

कमानदार, भोकांचं कारण पहिल्यांदा नीट कळलं.

शीर्षकातली पाठीवरची होडी म्हणजे ती अर्ध्या अक्रोडासारखी दिसते तीच ना? ती बनवतात कशी? आणि एवढी हलकी वस्तू प्रवाहात उलटत कशी नाही?

---

वाळुंज

उलटते की. शिकणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत पाण्यात असतो. पण आधी बनवण्याबद्दल.

वेल्शमध्ये तिला 'कुरुगल' म्हणतात, इंग्रजी 'कोरॅकल' त्यावरूनच आला. प्रत्येक नदीची कुरुगल वेगळी. तैवीची आखूड आणि ठेंगणी: लांबी साधारण साडेचार फूट, रुंदी साडेतीन फुटांच्या आतबाहेर, खोली सव्वा फूट. पुढची बाजू रुंद आणि चपटी, मागची गोलसर, आणि बसायच्या फळीपाशी दोन्ही काठ आत ओढलेले. वरून पाहिलं तर कंबर असल्यासारखी दिसते. वजन १२ ते १६ किलोच्या घरात, भिजली की वाढतं.

लाकूड: सांगाड्याला विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. छाटून छाटून ज्याच्या डोक्यावर सरळ फोक वाढवले आहेत असं झाड बघायचं. पानं गळल्यावर, रस उतरलेला असताना फोक तोडायचे. करवतीने कापायचे नाहीत, कोयत्याने उभे फाडायचे. फाडलं की चीर धाग्याच्या दिशेने जाते आणि कामटी वाकवताना तुटत नाही. कापलेली कामटी जिथे धागा तिरपा तुटलाय तिथे हमखास दगा देते. मग दोन्ही हातांनी ओढायच्या पात्याने तासून साधारण इंचभर रुंद आणि पाव इंच जाड करायच्या. गाठ असलेली कामटी बाजूला टाकायची, हळहळ करायची नाही.

रचना: सात कामट्या उभ्या, सात आडव्या, एकमेकींत वर-खाली विणून. शिवाय पुढच्या भागात दोन तिरप्या, कारण पाय तिथे टेकतात. हे सगळं सपाट जमिनीवर मांडायचं, मधल्या चौकटीवर जड दगड ठेवायचे, आणि कामट्या ओल्या असतानाच टोकं वर वाकवून बांधायची. दगड काढायची घाई केली तर तळ फुगीर राहतो आणि होडी पाण्यावर डुगडुगते. तळ सपाट हवा. होडीचा सगळा तोल तळावर आहे.

काठ: हेझलच्या लवचिक काटक्यांची तीनपेडी वेणी, कामट्यांच्या टोकांभोवती गुंफत फिरवलेली. टोपलीचा काठ वळतात तसंच, पण घट्ट. मग मधोमध ॲशच्या लाकडाची किंवा साध्या पाइनची फळी. फळीच्या खाली तळापर्यंत उभे आधार देतात. बसणाऱ्याचा भार काठावरून तळावर उतरतो, आणि पकडलेला मासा पायात लोळत नाही, मागच्या कप्प्यात राहतो.

आवरण: पूर्वी कातडं. गेराल्डने कच्च्या कातड्याचाच उल्लेख केलाय. नंतर स्थानिक गिरण्यांतलं लोकरी फ्लॅनेल, आणि विसाव्या शतकात कॅलिको. हा कॅलिको म्हणजे आपलं मांजरपाट. शब्द कालिकतवरून गेलेला. मांजरपाट ताणून काठाला शिवायचं आणि बाहेरून गरम डांबराचे थर द्यायचे. डांबरात थोडं जवसाचं तेल किंवा चरबी घालतात. नुसतं डांबर थंडीत काचेसारखं तडकतं. तेल जास्त झालं तर उन्हात चिकट राहतं आणि वाळू धरून बसतं. अचूक माप विचारू नका, डांबराच्या जातीवर ठरतं. चिंधीवर थोडं लावून, गार करून, घडी घालून बघायची. तडा गेला तर तेल कमी, बोटाला लागलं तर जास्त.

चुकतं कुठे: कापड सैल राहिलं तर तळाला सुरकुत्या पडतात, आणि प्रत्येक सुरकुती दगडावर पहिली घासते. दुसरं, कामटी आणि कापड यांच्यात एखादा खडा अडकतो. तो आत राहून आठवड्याभरात भोक पाडतो. होडी पालथी करून झटकणं हा रोजचा नियम.

---

तुंगभद्रा_किनारा

उत्तम माहिती. हंपीला ज्यांनी गोल होडीतून नदी ओलांडली आहे त्यांना एक फरक सांगतो. तुंगभद्रेची होडी पूर्ण गोल आणि विणलेली, म्हणजे खरंच टोपली. बांबूच्या कामट्या, वर पूर्वी कातडं, आता प्लॅस्टिकचं कापड आणि डांबर. तैवीची विणलेली कमी, चौकट जास्त. आणि मुख्य म्हणजे काम वेगळं. आपली होडी माणसं आणि माल पलीकडे न्यायला. सोळाव्या शतकात विजयनगरला आलेला पोर्तुगीज डोमिंगो पायश लिहितो की टोपलीसारख्या गोल, कातड्याने मढवलेल्या होड्यांत पंधरा-वीस माणसं बसतात, गरज पडली तर घोडे-बैलही नेतात, आणि त्या सरळ न जाता सतत गरगर फिरतात.

१८०३ मध्ये आर्थर वेल्स्लीचं सैन्य पुण्याकडे आणि पुढे मराठ्यांवर चालून आलं तेव्हा दक्षिणेतल्या नद्या ओलांडायला त्याने अशाच टोपली-होड्या करवून घेतल्या होत्या. त्याच्या पत्रव्यवहारात त्या वारंवार येतात. मराठी इतिहासात ही होडी शत्रूच्या बाजूने आली, एवढंच.

तैवीची होडी एका माणसाची. तिथे फळीवर दोघं बसतात ती हौस.

---

वाळुंज

@तुंगभद्रा_किनारा, बरोबर. आणि एका माणसाची आहे म्हणूनच पाठीवरची आहे. प्रवाहाविरुद्ध ही होडी वल्हवून वर जाता येत नाही, किमान मासेमारीच्या तोडीने नाही. म्हणून मासे धरत खाली उतरायचं, मग होडी डोक्यावरून पाठीवर घ्यायची आणि काठाने चालत वर यायचं. फळीला बांधलेला पट्टा छातीवरून जातो, जुन्या काळी तो पिळलेल्या कोवळ्या फांदीचा असे. वल्हं खांद्यावर टेकून त्याचं टोक फळीखाली घालायचं, म्हणजे थोडा भार वल्ह्यावर येतो. वेल्शमध्ये म्हणच आहे: माणसाचं ओझं म्हणजे त्याची कुरुगल. मागून पाहिलं तर कासव दोन पायांवर चाललंय असं वाटतं.

उलटण्याबद्दल, सुगरणसाठी:

होडी गुडघ्याएवढ्या पाण्यात ठेवायची, काठावर टेकवून नाही. अर्धी जमिनीवर असलेल्या होडीत पाय ठेवला तर तळाची कामटी दगडावर मोडते. एका हाताने फळी धरायची, पाय बरोब्बर मधोमध, आणि लगेच बसायचं. उभं राहून विचार करायचा नाही. फळीच्या मध्यावर बसायचं. चार बोटं सरकलात तरी काठ पाण्याशी येतो.

वल्हं बाजूला मारायचं नाही. नवीन माणूस तेच करतो आणि जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरतो. वल्हं समोर, होडीच्या पुढच्या काठावरून पाण्यात, आणि इंग्रजी आठाचा आकडा काढायचा. होडी ढकलली जात नाही, ओढली जाते. सवय झाल्यावर दांडा काखेत धरून एका हाताने हेच करता येतं, आणि ते यायलाच हवं, कारण दुसऱ्या हातात जाळं असतं.

---

जाळेकर

जाळ्याचा विषय आला, तर आता मी.

दोन होड्या, मध्ये एक जाळं. दोघे समांतर खाली वाहत जातात, जाळं नदीच्या तळालगत प्रवाहाबरोबर सरकतं, आणि समुद्रातून वर येणारा मासा त्याला समोरून धडकतो. जाळ्याला दोन पदर: एक बारीक आसाचा (आस म्हणजे जाळ्याचं भोक) सैल, दुसरा मोठ्या आसाचा. खालच्या दोराला शिशाचे तुकडे. वरचा दोर पूर्वी गायीच्या किंवा घोड्याच्या केसांचा वळत, कारण तो हलका आणि पाणी पिऊन जड होत नाही. दोर सरकायच्या कड्या गायीच्या शिंगाच्या. आता नायलॉन आलंय, पण रचना तीच.

मासा लागला की हाताला दोरातून झटका कळतो. अंधारात दिसत काहीच नाही, सगळं हातावर. ज्याला झटका कळला तो दोर सोडतो किंवा खेचतो, जाळ्याचं तोंड बटव्यासारखं मिटतं, दोन्ही होड्या एकमेकींना लागतात, आणि मासा आत घेऊन लाकडी सोट्याने डोक्यावर एक फटका. जिवंत साल्मन होडीत ठेवणं धोक्याचं. गेराल्डने ८०० वर्षांपूर्वी हेच लिहिलंय: माशाने शेपटी आपटली की होडी आणि होडीवाला दोघेही संकटात.

सगळी कला शिशात. पाणी वाढलं की प्रवाह जाळं वर उचलतो आणि मासा खालून निसटतो, मग शिसं वाढवायचं. पाणी कमी असताना तेच शिसं ठेवलं तर जाळं दगडांत अडकतं. मग दोन होड्यांपैकी एक थांबते, दुसरी वाहत राहते, आणि दोन्ही आडव्या होतात. बुडण्याचं सगळ्यात सरळ कारण हेच. म्हणून जाळं अडकलं तर पहिला नियम: दोर हातातून सोडा. मनगटाला गुंडाळू नका, कधीच.

मासेमारी रात्रीची. उजेडात आणि स्वच्छ पाण्यात माशाला जाळं दिसतं. चांदणं भरपूर असेल तर रात्रही वाया.

---

गावकुस

हे सगळं आज केनार्थला बघायला मिळतं का? आणि एवढी जुनी पद्धत आहे तर शासन जपतंय की नाही?

---

जाळेकर

केनार्थला जाळ्याने मासेमारी आता नाही. होड्या आहेत, मासेमारी नाही. कारण कायदा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या नदीवर शेकड्याने कुरुगल होत्या. १८६० च्या दशकातल्या सरकारी चौकशीत तर घराघराच्या दाराशी टांगलेली असे असं वर्णन आहे. केनार्थ, अबेरकिख, ल्हेख्रिद, किल्गेरान अशी नदी गावागावांत वाटलेली होती. प्रत्येकाचा पट्टा ठरलेला, आणि पट्ट्यात कोणी आधी उतरायचं तेही ठरलेलं.

भांडणंही जुनीच. ल्हेख्रिदला मासे अडवणारा बांध होता. तो वरच्या गावांचा घासच काढून घ्यायचा. १८४३ मध्ये, रिबेका दंगलीच्या दिवसांत, जमावाने तो फोडला. रिबेका म्हणजे बायकांचे कपडे घालून टोलनाके फोडणारे शेतकरी. टोलनाक्यांचीच गोष्ट सांगितली जाते, बांधाची कोणी सांगत नाही.

पुढे गळाने मासे धरणाऱ्या जमीनदार आणि शहरी हौशी मंडळींचा जोर वाढला. १९३० च्या दशकात भरती-ओहोटीच्या वरच्या पाण्यात जाळ्यांना नवे परवाने देणं थांबलं. होते त्यांना ठेवले, पण वारसाला देता येणार नाही अशी अट. केनार्थ नेमकं त्याच पट्ट्यात. म्हणजे बंदी घातली नाही, माणसं जायची वाट पाहिली. आता जाळी फक्त खालच्या, भरतीच्या पाण्यात: किल्गेरानची घळ आणि त्याखाली. तैवीला १२ परवाने, शेजारच्या तव्वी नदीला ८, ताव्हला १. संपलं.

---

पाणवठा

यात एक भर. २०१७ मध्ये पश्चिम वेल्सच्या कुरुगलने धरलेल्या साल्मनला आणि स्यूइनला (समुद्रात जाऊन येणारा ट्राउट) युरोपीय भौगोलिक निर्देशन मिळालं. आपल्याकडे मानांकन म्हणतो तेच. आणि २०२० पासून वेल्समध्ये नियम आला की धरलेला प्रत्येक साल्मन पाण्यात परत सोडायचा, जाळ्याचा असो की गळाचा. म्हणजे साल्मनच्या मानांकनाला तीन वर्षांत विकायला मालच उरला नाही. स्यूइन तेवढा राहिला.

---

गावकुस

हा तर शुद्ध अन्याय. बारा परवान्यांनी नदी रिकामी होते का?

---

नदीमित्र

बारा परवान्यांनी नाही. पण नियमाला कारण आहे, एकतर्फी नको. तैवी युरोपीय पातळीवरचं संरक्षित क्षेत्र आहे: साल्मन, लॅम्प्रे या बिनजबड्याच्या माशाच्या तीन जाती, बुलहेड मासा, पाणमांजर यांच्यासाठी. साल्मनची संख्या वेल्सच्या बहुतेक सगळ्या नद्यांत घसरली आहे. एक मादी अंडी घालायच्या आधीच गेली तर हजारो अंडी गेली, मग ती जाळ्यात जावो की गळाला.

खरा घाव पाण्यावर आहे. जानेवारी २०२१ मध्ये वेल्सच्या निसर्गसंपदा यंत्रणेने संरक्षित नद्यांची फॉस्फरसची मोजणी मांडली, त्यात ६० टक्क्यांहून जास्त पट्टे मर्यादेबाहेर निघाले. तैवीचे पट्टेही त्यात आले. फॉस्फरस येतो शेतातल्या शेणखतातून आणि सांडपाण्यातून. तो वाढला की शेवाळ वाढतं, तळाच्या खडीतल्या फटी बुजतात. साल्मन अंडी खडीत घालतो. फटीतून वाहतं पाणी मिळालं नाही तर अंडी गुदमरतात. त्यानंतर तैवीच्या खोऱ्यात नवी घरं बांधायची परवानगीही अडकली, कारण सांडपाणी वाढणार.

जाळी काढून टाकणं सोपं आहे, गोठे आणि गटारं आवरणं अवघड. म्हणून आधी जाळी गेली.

---

जाळेकर

नदीमित्र, शेवटच्या ओळीला माझं अनुमोदन, तुमच्या पहिल्या परिच्छेदाला नाही.

माझा मुद्दा होडीचा आहे. होडीचा आकार जाळ्याने ठरवलाय. आखूड का, तर दोघांनी जाळ्यावर पटकन जवळ यावं म्हणून. चपटं तोंड का, तर त्यावरून एका हाताने वल्हवता यावं म्हणून. वजन का कमी, तर रात्रीतून चार वेळा वर वाहून न्यायची म्हणून. जाळं काढून घेतलं की यातलं काहीच तपासलं जात नाही. फायबरग्लासची जड होडी शर्यतीत चालून जाते, कारण ती पाठीवर घेऊन कोणी दोन मैल चालत नाही. किल्गेरानला १९५० पासून ऑगस्टमध्ये शर्यती होतात, छान होतात, पण शर्यतीची होडी हळूहळू शर्यतीसाठीच बनू लागते.

---

वाळुंज

फायबरग्लासला इतकं वाईट म्हणू नका. खालच्या नदीत जे परवानाधारक आहेत त्यांच्यातही ते आहे, रोज खडकावर घासायचं असेल तर मांजरपाट किती पुरणार? सांगाडा विलोचा आणि आवरण नवं, असंही करतात. माझा आक्षेप दुसरा: साच्यातून काढलेल्या होडीला कामट्याच नसतात, म्हणजे ती वाकत नाही. कुरुगल दगडावर आदळली की तळ वाकून सरकते. ताठ होडी आदळते आणि उसळते.

---

कमानदार

चर्चा माशांत गेली, चर्च आणि गिरणी राहिली.

चर्चची इमारत एकोणिसाव्या शतकातल्या नव्या बांधणीची, तिच्यासाठी वाट वाकडी करू नका. आवारातला कोरीव दगड मात्र बघा. सहाव्या शतकाच्या आसपासचा, लॅटिन अक्षरांत: 'कुरकाग्नस, अंदागेल्लसचा मुलगा' अशा अर्थाचा मजकूर. नावं मात्र आयरिश वळणाची. रोमन गेल्यावर आयर्लंडहून या किनाऱ्यावर वस्ती झाली त्याचा हा पुरावा. दगड मूळ केनार्थचा नव्हे, पेम्ब्रोकशरमधल्या माएनक्लोखोगच्या बाजूने आणलेला. त्याच भागात अंदागेल्लसचं नाव असलेला आणखी एक दगड आहे, म्हणजे घराणं तिकडचं.

गिरणी सतराव्या शतकातली म्हणतात, जागा त्याहून जुनी. खडकाच्या वरून पाट काढायचा आणि खाली चाकावर सोडायचा, एवढं साधं गणित. अडचण पुरात. खालचं पाणी चढलं की चाकाचा तळ बुडतो आणि फिरणारं चाक पाणी घुसळत बसतं, ताकद जाते. नदीला पाणी सगळ्यात जास्त तेव्हाच गिरणी बंद. आणखी एक: या भागात ओट पिकायचा, आणि दमट हवेत तो भट्टीवर सुकवल्याशिवाय दळला जात नाही, जात्याला चिकटतो.

---

सुगरण

जायचं असेल तर कधी? आणि ही नावं उच्चारायची कशी, तिथे गेल्यावर हसं नको.

---

पाणवठा

उच्चार आधी. वेल्शमध्ये सी नेहमी 'क', म्हणून सेनार्थ नाही, केनार्थ. एक एफ म्हणजे 'व', दोन एफ म्हणजे 'फ'. म्हणून नकाशावर टेफी किंवा टीफी वाटणारी नदी तैवी. दोन डी म्हणजे जीभ दातांत धरून 'द'. दोन एल म्हणजे जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा बाजूने सोडायची. मी 'ल्ह' लिहिलंय, ते जवळपास आहे एवढंच. लोक चूक सुधारतात, हसत नाहीत.

कधी: साल्मनची उडी बघायची तर शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबर, पाऊस पडून पाणी चढल्यावर ते ओसरू लागतं तेव्हा. कोरड्या आठवड्यात तासभर उभं राहून काही दिसत नाही. मासा खाली डोहात पाण्याची वाट पाहत असतो. धबधबा काठच्या वाटेवरून दिसतो, तिकीट नाही. गिरणीच्या आवारातलं राष्ट्रीय कोरॅकल केंद्र मात्र हंगामी, उन्हाळ्याच्या महिन्यांतलं; निघण्याआधी चालू आहे का ते विचारून घ्या. म्हणजे उडी आणि संग्रहालय एका फेरीत जमणं कठीण. केंद्रात वेल्सच्या वेगवेगळ्या नद्यांच्या होड्या शेजारी-शेजारी आहेत, शिवाय भारत, व्हिएतनाम, इराक इथल्याही. तुंगभद्रा_किनारा यांनी सांगितलेला फरक तिथे समोरासमोर बघता येतो.

गावाला रेल्वे नाही. कारमार्थनपर्यंत गाडी, मग कार्डिगनकडे जाणारी ४६० नंबरची बस. रविवारी वेळापत्रक आधी बघा.

---

वाळुंज

आणि खडकांवर चालताना शेवाळावर पाय टाकू नका. ओला काळा खडक चालतो, हिरवा नाही. धबधब्याच्या वरच्या बाजूने पाण्यात उतरायचं तर अजिबात नाही, दिसायला उथळ आहे पण खडकातले खड्डे खोल आहेत आणि पाणी आत ओढतं.

---

सुगरण

हिरवा नाही, काळा. लक्षात ठेवते. वाळुंज, होडीला भोक पडलं तर काठावर दुरुस्ती होते की घरी न्यावी लागते?

---

वाळुंज

काठावरच. भोकाभोवतीचं कापड पूर्ण कोरडं करायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, ओल्यावर डांबर धरत नाही. भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठा मांजरपाटाचा तुकडा घ्यायचा, गरम डांबरात बुडवून बाहेरून चिकटवायचा, आणि तापवलेल्या लोखंडाने कडा दाबत जायचं, मधून कडेकडे, म्हणजे हवा राहत नाही. गार झाल्यावर वरून एक थर. तुकड्याचे कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा पहिल्याच दगडावर सुटतो.